गुंजांच्या पिशवीतून उत्क्रांती : दापोलीजवळची एकदिवसीय कार्यशाळा

दापोलीजवळच्या एका कृषिपर्यटन केंद्राने जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी भरवलेली उत्क्रांतीची कार्यशाळा शुल्काच्या मानाने चांगली आहे, मात्र दुपारच्या सत्रातील एक निष्कर्ष जरुरीपेक्षा अधिक सोपा करून सांगितला जातो.

केवळ योगायोगाने समूहातील प्रमाण कसे बदलते, हे दाखवणारा सकाळचा खेळ उत्तम आहे. तांबड्या आणि पांढऱ्या गुंजा निम्म्या-निम्म्या घेऊन एका पिशवीत 10, तर दुसरीत 200 बिया ठेवतात. एक बी काढायची, रंग नोंदवून परत टाकायची आणि पिशवीत जितक्या बिया तितक्या नोंदी झाल्या की त्या प्रमाणात पुढची पिढी भरायची. लहान पिशवीत थोड्याच पिढ्यांत एकच रंग उरतो आणि तो कोणता, हे प्रत्येक टेबलावर निराळे ठरते. मोठ्या पिशवीतले प्रमाण मात्र फारसे हलत नाही. (गुंजेची बी विषारी असते, मुलांसाठी हाच खेळ घेणाऱ्यांनी साधे मणी वापरावेत.) याला जोडून 1956 साली प्रसिद्ध झालेला पीटर ब्युरी यांचा प्रयोग नेमकेपणाने मांडला गेला : फळमाश्यांचे 107 समूह, दर पिढीला प्रत्येकात 16 माश्या, आणि 19 पिढ्यांनंतर डोळ्यांच्या रंगाचे एक जनुकरूप (जनुकाचा एक प्रकार) 30 समूहांतून नाहीसे झालेले, तर 28 समूहांत तेवढेच उरलेले. कोकणात बसून हे शिकवताना लहान समूहाचे उदाहरण म्हणून आंबोलीच्या परिसरापुरत्याच आढळणाऱ्या भेकाचा उल्लेखही होऊ नये, याचे नवल वाटले.

दुपारी रिचर्ड लेन्स्की यांनी 1988 मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या 12 समूहांवर सुरू केलेल्या प्रयोगाच्या आधारे 'समूह जितका मोठा, तितके उत्क्रांतीचे भाकीत पक्के' असे सांगण्यात आले. हे अर्धेच खरे आहे. प्रजननात शेकडा 1 इतका फायदा देणारा नवा जनुकीय बदलही सुमारे 98 टक्के वेळा केवळ दैवाने नष्ट होतो; मोठ्या समूहात तो पुन्हा पुन्हा उद्भवतो, अनेक उपयुक्त बदलांची आपसात स्पर्धा होऊन सर्वांत प्रबळ तो टिकतो, आणि म्हणून वेगवेगळ्या समूहांची वाटचाल सारखी दिसते. परंतु एकेकटे निरुपयोगी असलेले दोन बदल एकत्र येण्याची दुर्मीळ शक्यताही प्रचंड समूहातच वाढते, आणि तिथून फुटणारी नवी वाट आधी सांगता येत नाही. लेन्स्कींच्या 12 समूहांपैकी एकाच समूहाला, 31,000 हून अधिक पिढ्यांनंतर, प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचे रूप) अन्न म्हणून वापरता येऊ लागले, जे या जिवाणूंना एरवी जमत नाही. ही हकिकत इथे केवळ गंमत म्हणून येते. खरे तर तिच्यासाठी अर्धा तास राखून ठेवायला हवा.

जेवण साधे आणि चांगले. सभागृहात पंखे कमी असल्याने मे महिन्याऐवजी दिवाळीच्या सुट्टीतील तुकडी निवडावी.