बारा गाळे की एक मोठी शेड? भाडेकरूंसह औद्योगिक मालमत्ता घेण्याआधी

माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, दोन मित्रांसोबत पैसे घालायला निघालाय आणि दोन प्रस्तावांच्या मध्ये अडकलाय. एक आहे बारा गाळ्यांची औद्योगिक इस्टेट, बाराही गाळे भाड्याने गेलेले. दुसरी तेवढ्याच किमतीची एकच मोठी शेड, एका कंपनीला दिलेली, करारातली नऊ वर्षं अजून शिल्लक. मी असे गाळे चौदा वर्षं सांभाळलेत आणि त्याआधी एका मोठ्या शेडमध्ये भागीदार होतो, म्हणून त्याने मला विचारलं. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे सलग मांडतो.

माझा कल आधीच सांगून टाकतो. आठवड्यातला एक दिवस तिथे पाय ठेवायची तयारी असेल, किंवा त्यासाठी पगारी माणूस ठेवणार असाल, तर गाळे घ्या. नसेल तर शेड घ्या, पण कर्जाचं निदान वर्षभराचं व्याज बाजूला काढून ठेवल्याशिवाय सही करू नका.

दहा टक्के आणि सात टक्के

दलाल पहिल्या भेटीत जो परतावा सांगतो, तो एकूण भाड्यावरचा असतो. समजा दोन्हींची किंमत 1200 आहे (हजार म्हणा, लाख म्हणा, पुढचे आकडेही त्याच मापात). बारा गाळ्यांचं वर्षाचं भाडं प्रत्येकी 10 प्रमाणे 120, म्हणजे 10 टक्के. शेडचं भाडं 84, म्हणजे 7 टक्के. हे ऐकून कोणीही गाळ्यांकडेच झुकेल. लहान गाळ्यांना दर चौरस फुटामागे भाडं जास्त मिळतं हेही खरं आहे.

आता खर्च बघा. गाळ्यांत एखाददुसरा गाळा नेहमी रिकामा असतो. नवा भाडेकरू आला की दलाली आणि रंगरंगोटी आली. सामाईक दिवे, पहारेकरी, रस्त्यावरचे खड्डे, छताची दुरुस्ती, बुडालेली भाडी आणि सांभाळणाऱ्याचा पगार हे सगळं धरून 30 सहज जातात. हातात राहतात 90, म्हणजे साडेसात टक्के. शेडच्या करारात बहुतेक वेळा मालमत्ता कर, विमा आणि दुरुस्ती तिन्ही भाडेकरूच्या माथी असतात, त्यामुळे मालकाचा खर्च 4 धरा. हातात 80, म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या किंचित खाली. तीन टक्क्यांचं अंतर एका टक्क्याच्याही आत आलं. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या मालमत्तेचे वेगळे असतील. पण हिशेब याच पद्धतीने करा, आणि सांभाळण्याचं काम स्वतः करणार असलात तरी त्याचा पगार खर्चात धरा. मी पहिली सहा वर्षं तो धरला नव्हता. गुंतवणुकीचा परतावा समजून जे मोजत होतो, त्यातला मोठा भाग माझी मजुरी होती.

कर्ज काढणार असाल तर आणखी एक पायरी आहे. निम्मी किंमत, म्हणजे 600, नऊ टक्क्यांनी घेतली तर व्याज 54. गाळ्यांत 36 उरतात, शेडमध्ये 26. आता वाईट वर्ष येऊ द्या. नेहमीच्या रिकामेपणाच्या वर आणखी तीन गाळे वर्षभर पडून राहिले तर 30 भाडं जातं, त्या गाळ्यांचा कर, विमा आणि मेंटेनन्सचा वाटा मिळून 4 तुमच्या अंगावर येतात. उरतात 56. व्याज कसंबसं भागतं, मुद्दल थांबतं, पण मालमत्ता हातात राहते. शेडमधला एकुलता एक भाडेकरू गेला तर उत्पन्न शून्य. 54 व्याज आणि रिकामी शेड राखायचे 12 धरले तर वर्षाला 66 खिशातून भरायचे. चांगल्या वर्षांतली अडीच वर्षांची शिल्लक एका रिकाम्या वर्षात संपते. मोठ्या शेडला नवा भाडेकरू मिळायला वर्ष लागणं अजिबात नवलाचं नाही.

बारा भाडेकरू म्हणजे बाराच का?

गाळ्यांच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे जोखीम वाटली जाते. मुद्दा खरा आहे, पण भाडेकरू एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. माझ्या इस्टेटीत एका काळात पत्र्याचे भाग दाबून काढणारा प्रेसवाला, पावडर कोटिंगवाला, डाय म्हणजे साचे बनवणारा, पॅकिंगचे खोके करणारा आणि एक टेम्पोवाला असे पाच जण होते. पाच धंदे, पाच नावं, पाच करार. मी निर्धास्त होतो. पुढे कळलं की पाचही जण एकाच कारखान्याचं काम करत होते. प्रेसवाल्याकडचा भाग कोटिंगला जायचा, तिथून खोक्यात, खोक्यातून टेम्पोत. कारखान्याने तो भाग घेणं थांबवलं आणि अडीच महिन्यांत तीन गाळ्यांच्या चाव्या माझ्या टेबलावर आल्या. चौथ्याने भाडं निम्मं करून मागितलं आणि मी ते दिलं.

तेव्हापासून भाडेयादी हातात आली की नावांच्या पुढे मी एक रकाना स्वतः आखतो: याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोण? भाडेकरूला चहाच्या वेळी सहज विचारलं तर तो सांगतो, त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नाही. तीनपेक्षा जास्त ओळींत एकच नाव आलं तर ती इस्टेट मी एका भाडेकरूची समजतो आणि किंमतही तशीच लावतो.

शेडमध्ये हा प्रश्न उघडा असतो. तिथे तुम्ही भिंती आणि पत्रे जेवढे विकत घेता, त्याहून जास्त त्या कंपनीची पत विकत घेता. म्हणून तिचे तीन वर्षांचे ताळेबंद वाचा. करारावर सही नेमकी कोणाची आहे तेही बघा. मोठ्या नावाच्या समूहाने एक छोटी उपकंपनी काढून तिच्या नावावर करार केलेला असतो आणि मूळ कंपनीची हमी कुठेच नसते, असं वारंवार दिसतं. फलकावरचं नाव भाडं भरत नाही. करारावरचं भरतं.

गाळ्यांत उलट दिशेचा एक फायदाही आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. लहान भाडेकरू वाढतो. एका गाळ्यात दोन लेथ घेऊन आलेला माणूस चार वर्षांत शेजारचा गाळा मागतो, मग मधली भिंत पाडायची परवानगी मागतो. इंग्लंडमधली स्लाऊची औद्योगिक वसाहत पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये लष्करी वाहनांच्या दुरुस्ती डेपोच्या जागेवर उभी राहिली. जुनी वाहनं विकून संपली, पण शेड उरल्या, त्या भाड्याने दिल्या गेल्या, आणि 1932 मध्ये मार्स बार या चॉकलेटची सुरुवात तिथल्याच एका छोट्या कारखान्यातून झाली. शंभर वर्षांत धंदे आले, गेले, वसाहत चालूच आहे. साध्या, कोणालाही चालणाऱ्या बांधकामाची ही ताकद आहे. एकाच कंपनीच्या गरजेप्रमाणे बांधलेल्या शेडला, उदाहरणार्थ शीतगृहाला, दुसरा भाडेकरू शोधणं तेवढंच कठीण जातं.

छप्पर कोणाचं?

हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारणारे मी फार थोडे पाहिलेत. शेडमध्ये करार नीट असेल तर छप्पर भाडेकरूचं. फक्त मुदत संपताना तो ते कोणत्या स्थितीत परत देणार, हे फोटोंसकट लिहून घ्या. गाळ्यांत प्रत्येक भाडेकरू आपल्या शटरच्या आतलं बघतो. पत्रे, खांब, गटार आणि पन्हाळी मालकाच्याच.

दोन उतारांच्या मधली पन्हाळ ही गाळ्यांच्या इस्टेटीतली सगळ्यात महाग वस्तू आहे. तिथे पाला साचतो, पहिल्या मोठ्या पावसात पाणी पत्र्याखालून उलटं आत शिरतं आणि खाली नेमका छपाईवाला असतो. मी पहाटे साडेपाचला त्याच्या गाळ्यात उभा होतो. कागदाच्या रिमा खालून पाणी पिऊन फुगल्या होत्या, कडा फुलकोबीसारख्या उलगडल्या होत्या, आणि तो माणूस काही न बोलता एकेक रीम उचलून बाजूला ठेवत होता. पन्हाळ साफ करायला दोन मजुरांचं अर्ध्या दिवसाचं काम होतं. ते टाळल्याबद्दल मी त्याचा सगळा कागद भरून दिला. तेव्हापासून पाहणीला जाताना शिडी मागतो. विक्रेता शिडी द्यायला कुरकुरला तर उत्तर मिळालं असं समजतो.

पत्रे जुन्या सिमेंटचे असतील तर त्यात एस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक असलेले तंतू, आहे का ते तपासून घ्या. ब्रिटनने त्यावर 1999 मध्ये बंदी घातली, युरोपीय संघात 2005 पासून ती सगळीकडे लागू झाली. त्याआधीच्या इमारतींवर मात्र तेच पत्रे आजही आहेत. धक्का न लावता ते वर राहू शकतात, पण बदलायची वेळ आली की काढण्याचा आणि विल्हेवाटीचा खर्च नव्या पत्र्यांच्या खर्चात जोडून धरावा लागतो.

जमिनीच्या आत काय मुरलंय हेही बघा. धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांचं क्रोमियम, सुटे भाग धुण्याची द्रावणं, जुनं तेल. अमेरिकेतल्या 1980 च्या सुपरफंड कायद्याखाली घाण दुसऱ्याने केली असली तरी सफाईचा बोजा सध्याच्या मालकावर येऊ शकतो. गाळ्यांत गेल्या तीस वर्षांत कोण कोण राहून गेलं याची यादी लांब असते, म्हणून तिथे माती तपासणीवर पैसे वाचवू नका.

विम्याचंही असंच आहे. एका गाळ्यात फोम किंवा लाकूडकाम आलं की अख्ख्या इमारतीचा हप्ता वाढतो. गाळ्यांमधल्या भिंती पत्र्याला भिडलेल्या आहेत की वर दोन फूट मोकळ्या, हे मान वर करून बघायचं. मोकळ्या असतील तर आग आणि धूर दोन्ही तिथून शेजारी जातात.

करारातल्या तारखा

शेडला एकच तारीख असते. नऊ वर्षं शिल्लक म्हटलं तरी मध्ये बाहेर पडायचं कलम असेल, समजा चौथ्या वर्षी, तर तुमच्या हातात चारच वर्षं आहेत. किंमत चारवर काढा.

गाळ्यांच्या तारखा एका कागदावर महिन्यांप्रमाणे मांडा. सरासरी शिल्लक मुदत सांगितली जाते, ती फसवी असते. आधीच्या मालकाने विकायच्या आधी घाईने सगळे गाळे एकाच हंगामात भरले असतील, तर तीन वर्षांनी आठ करार त्याच चार महिन्यांत संपतात. अशा वेळी काही भाडेकरूंना थोडी सवलत देऊन मुदत पुढे-मागे करून घेणं पहिल्याच वर्षी करावं.

भाडं फुगवलेलं आहे का हे शोधणं अधिक कष्टाचं. दहा टक्के परताव्याने किंमत ठरत असेल, तर एका गाळ्याचं वर्षाचं भाडं 10 ऐवजी 12 दाखवलं की विक्रेत्याला 20 जास्त मिळतात. त्या बदल्यात भाडेकरूला तीन महिने भाडं माफ केलं तरी त्याचे फक्त 3 जातात. अशी सवलत मुख्य करारात नसते, वेगळ्या पत्रात असते. म्हणून दोन वर्षांचे बँकेचे उतारे मागा आणि भाडेयादीतली प्रत्येक रक्कम त्यात शोधा. अनामत रकमा खरेदीच्या दिवशी तुमच्याकडे वर्ग व्हायला हव्यात. नाही झाल्या तरी भाडेकरू जाताना त्या तुमच्याकडेच मागणार.

विकताना

शेडची किंमत शिल्लक मुदतीबरोबर वितळते. सात वर्षं उरलेली असताना ग्राहक रांगेत असतात. एक वर्ष उरलं की तेच लोक रिकाम्या शेडचा भाव सांगतात. गाळ्यांत ही घसरण जाणवत नाही. कायदेशीर विभागणी शक्य असेल तर एकेक गाळा विकता येतो, बहुतेक वेळा आत बसलेल्या भाडेकरूलाच. मात्र चार गाळे विकल्यावर छप्पर आणि रस्त्याच्या खर्चासाठी पाच मालकांना एकत्र बसवावं लागतं, आणि ते भाडेवसुलीपेक्षा अवघड आहे.

सोमवारी सकाळी

दादाला मी कागदांच्याही आधी एकच काम सांगितलं होतं. दलालाला न कळवता, कामाच्या दिवशी सकाळी इस्टेटीत जाऊन उभं राहायचं आणि शटर मोजायची. मग वीज मीटरच्या खोलीपाशी जाऊन बारा मीटरांचे आकडे लिहायचे, आणि आठवड्याने पुन्हा लिहायचे. चालू धंद्याचा मीटर फिरतोच. नुसता माल साठवणारा भाडेकरू असेल तर दिव्यापुरता तरी फिरेल.

काल त्याचा फोन आला. दोन्ही सोमवारी शटर नऊच वर गेली. उरलेल्या तीन गाळ्यांचे मीटर आठवडाभरात एका युनिटनेही हलले नव्हते, एका कुलपावर जाळं होतं, आणि भाडेयादीत तिघांचंही भाडं नियमित दाखवलेलं होतं. शेजारच्या लेथवाल्याने सांगितलं की त्यातला एक गाळा मालकाच्या पुतण्याच्या नावावर आहे. बाकी नऊ जण मात्र पक्के निघाले, सहा जण सात वर्षांहून जुने, आणि गिऱ्हाईकं सगळ्यांची वेगवेगळी. दादा म्हणाला, पायी वीस मिनिटांवर आहे, मी रोज फेरी मारीन.

त्याने नऊ गाळ्यांच्या भाड्यातून सगळा खर्च आणि सांभाळणाऱ्याचा पगार वजा करून किंमत काढली, तीन गाळे रिकामे धरले, पन्हाळी बदलण्याचा खर्च त्यातून आणखी कमी केला, आणि तो आकडा विक्रेत्याला लेखी पाठवलाय. उत्तराची वाट बघतोय. शेडवाल्याकडून मूळ कंपनीच्या हमीचं पत्रही मागवलंय, ते अजून आलेलं नाही.