घरी घ्यायचा बास्केटबॉल गेम: खऱ्यासारखा की धमाल?

बास्केटबॉलचे व्हिडिओ गेम दोन घराण्यांचे. एक ‘एनबीए टू-के’चं (एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग): पाच विरुद्ध पाच, फाउल, दमणूक, २४ सेकंदांचं शॉट क्लॉक म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घ्यायची सक्ती, सगळं खऱ्या सामन्यासारखं. दुसरं १९९३च्या ‘एनबीए जॅम’चं: दोन विरुद्ध दोन, ढकललं तरी फाउल नाही, रिंगच्या कितीतरी वर उडून डंक, म्हणजे चेंडू थेट हाताने आत कोंबणं. २०१८चा ‘एनबीए टू-के प्लेग्राउंड्स २’ नावाने टू-के असला तरी खेळायला जॅमच्याच वळणाचा. निवडताना ग्राफिक्स नंतर बघा; शेजारी कोण बसणार ते आधी ठरवा.

कोकणात गणपतीला चाकरमान्यांनी घर भरलं की दुसरं घराणं जिंकतं. जॅमला बटणं तीनच: टर्बो (जादा वेग), शूट, पास. बचावात त्यांनीच ब्लॉक आणि चोरी होते. ज्याने हा खेळ कधी पाहिला नाही, तोही दोन मिनिटांत रमतो. एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट टाकले की तो ‘ऑन फायर’ होतो आणि त्याचे शॉट कुठूनही पडू लागतात. मागे पडलेल्या संघाला गेम आतून हात देतो. त्यामुळे चुरस टिकते, पण मेहनतीने घेतलेली आघाडीही वाहून जाते. जॅमचा डिझायनर मार्क टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्स या संघाचा चाहता होता. पिस्टन्सविरुद्ध अटीतटीच्या शेवटच्या क्षणी शिकागो बुल्सचे शॉट चुकावेत, अशी सोयच त्याने करून ठेवली होती. चोख न्याय हवा असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

एकटं खेळायचं असेल, किंवा मुलगा शाळेच्या संघात असेल, तर टू-केच घ्या. मोकळी जागा कशी तयार होते, पिक-अँड-रोल (साथीदाराने बचावपटूची वाट अडवून मग स्वतः रिंगकडे वळणं) का चालतो, हे त्यात हाताने कळतं. नवखा मात्र तीन ठिकाणी अडकतो. धावण्याचं बटण तो सोडतच नाही. मग खेळाडू दमतो आणि गर्दीत चेंडू हातचा जातो. चोरीचं बटण बडवत राहतो. हाती फाउल येतो किंवा बचावपटू जागा सोडून बसतो. आणि शॉटचं बटण उशिरा सोडतो. यावर उपाय म्हणजे सुरुवातीला अडचण ‘रूकी’ या सोप्या पातळीवर ठेवा, फाउल आणि दमणूक सेटिंगमधून बंद करा, आठवड्याने एकेक परत चालू करा. टू-केला असं धमालीकडे झुकवता येतं, जॅमला खरेपणाकडे नाही. शॉट तरीही सतत उशिराच पडत असतील तर टीव्ही तपासा: ‘गेम मोड’ बंद असला की चित्र मागे राहतं आणि वेळ साधत नाही.

आता कोकणातला खरा अडसर. अलीकडच्या टू-केला पीसीवर सुमारे १५० जीबी जागा लागते. २० एमबीपीएसच्या लाइनवर एवढं उतरवायला अखंड १६-१७ तास जातात. रोजच्या दोन जीबी मोबाइल डेटावर ७५ दिवस. डिस्क घेतली तरी अपडेट उतरवावे लागतातच. शिवाय एकाच खेळाडूची कारकीर्द घडवण्याचा मोड इंटरनेटवर अवलंबून आहे. पावसात लाइन तुटली की तो तिथेच थांबतो. म्हणून फक्त त्या मोडसाठी टू-के घेऊ नका. साधा सामना आणि संघाचा सीझन नेटशिवाय चालतात.

वीज जाण्याचा धोका दोन्हींना सारखाच. इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर खंड पडला तरी कन्सोल बंद होऊ शकतो, तेव्हा मध्ये छोटा यूपीएस लावा.

कंट्रोलरचंही बघा. टू-केत ड्रिबल (चेंडू टप्पे देत नेणं) उजव्या स्टिकवर, म्हणजे कंट्रोलरवरच्या छोट्या दांड्यावर चालतं, आणि बटणाऐवजी शॉटही तिथूनच मारता येतो. खाऱ्या दमट हवेत स्टिक आपोआप सरकू लागली की आधी हा गेम बिघडतो. तीन बटणांचा जॅम बराच काळ तग धरतो. खेळून झाल्यावर कंट्रोलर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

जुना टू-के स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल, तर त्या वर्षीच्या आवृत्तीचे सर्व्हर (नेटवरचा खेळ चालवणारे कंपनीचे संगणक) चालू आहेत का ते आधी पाहा. कंपनी ते साधारण दोन-अडीच वर्षांत बंद करते.