सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर: काही दिवसांच्या वापरानंतर
शिट्ट्या मोजून स्वयंपाक करणाऱ्या घरात हा कुकर आला की पहिली अडचण येते ती वेळेच्या हिशेबाची, कारण यात शिट्टी होतच नाही आणि लावलेली मिनिटे आत पुरेसा दाब तयार झाल्यावरच मोजली जाऊ लागतात. म्हणून रात्रभर भिजवलेल्या काबुली चण्यांना 15 मिनिटे लावली, तरी दाब चढण्याचा आणि वाफ आपोआप जिरण्याचा वेळ धरून पाऊण तास हाताशी ठेवावा. चणे मात्र अखंड राहूनही बोटाने दाबताच मऊ लागतात, हे मला फार आवडले.

नवख्यांनी आधी नुसते पाणी घालून तो एकदा चालवून पाहावा आणि झाकणावरची पिन खाली बसल्याखेरीज झाकण उघडू नये. फोडणी त्याच भांड्यात होते. पण तळाला चिकटलेला कांदा-मसाला थोडे पाणी घालून कालथ्याने मोकळा केला नाही, तर करपण्याचा इशारा देऊन यंत्र थांबते. झाकणातली रबरी रिंग मसाल्याचा वास धरते, त्यामुळे खिरीसाठी वेगळी रिंग हवीच. दोघांच्या वरणभाताला गॅसवरचा कुकर अधिक चटकन उरकतो. राजमा, छोले यांसाठी मात्र मी निःशंकपणे हाच निवडेन.