दरवाढीपूर्वीचे नूतनीकरण: तेच ठेवावे, कमी करावे की बदलावे?

मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केल्यानुसार 1 जुलै 2026 पासून मेल आणि ऑफिस (वर्ड, एक्सेल) एकत्र देणाऱ्या ‘मायक्रोसॉफ्ट 365’च्या ‘बिझनेस स्टँडर्ड’ योजनेचा दर माणशी दरमहा 12.50 डॉलरवरून 14 डॉलर आणि ‘बिझनेस बेसिक’चा 6 वरून 7 डॉलर होत आहे. जुन्या ग्राहकांना तो त्यानंतरच्या पहिल्या नूतनीकरणाला लागू होतो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील ज्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे हिशेब मी पाहतो, तिथे यावर पहिला प्रश्न ‘दुसरीकडे स्वस्त मिळेल का?’ हाच येतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. आपण ज्यांचे पैसे भरतो त्यांतले किती आयडी कोणी खरोखर उघडते, हे आधी पाहावे. सुताचा भाव किलोमागे दोन रुपयांनी हलला तर चार ठिकाणी फोन करणारे आपण, सॉफ्टवेअरचे बिल मात्र बहुधा न वाचताच भरतो.

एका टॉवेल कारखान्याची यादी मी मालकांसोबत बसून तपासली. एकूण 18 आयडी होते आणि सगळे ‘स्टँडर्ड’ योजनेत. त्यांतले दोन नोकरी सोडून गेलेल्यांचे, एक चौकशीसाठी काढलेला पण दुसऱ्याच आयडीवर मेल येत असल्याने पडून राहिलेला, आणि एक सुपरवायझरचा, ज्यावर एकदाही लॉग-इन झालेले नव्हते. उरलेल्या 14 जणांपैकी नऊ जण मोबाइलवर मेल वाचण्यापलीकडे काही करत नव्हते. संगणकावर बसवलेल्या एक्सेलची खरी गरज पाच जणांना होती. त्यांत कॉस्टिंग करणाऱ्या भाऊंचे नाव सगळ्यात वर, कारण त्यांच्या शीटमध्ये टॉवेलचा आकार आणि जीएसएम (चौरस मीटरमागचे ग्रॅममधले वजन) भरला की डझनाचे वजन, सूत आणि दर आपोआप निघतात, आणि हे सगळे मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलमध्ये लिहून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या सूचनांवर चालते. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये ती फाइल उघडते खरी, पण मॅक्रो चालत नाहीत. ‘बेसिक’मध्ये ऑफिस फक्त ब्राउझरवर आणि मोबाइलवर मिळत असल्याने ती योजना भाऊंच्या कामाची नाही, उरलेल्या नऊ जणांना मात्र ती पुरेशी आहे.

आता आकडे पाहावेत. भारतात बिल रुपयांत येते आणि त्याचा दर वेगळा असतो, म्हणून ही डॉलरची गणिते केवळ प्रमाण कळण्यापुरती समजावीत आणि प्रत्यक्ष दर डीलरकडून लेखी घ्यावा. जुन्या दराने 18 ‘स्टँडर्ड’चे वर्षाला 2,700 डॉलर होतात, काहीही न बदलता नव्या दराने तेच 3,024 होतात, आणि चार आयडी बंद करून पाच ‘स्टँडर्ड’ व नऊ ‘बेसिक’ ठेवले, तर नव्या दरानेही 1,596 डॉलरच लागतात. टक्केवारीत पाहिले तर ‘बेसिक’ची वाढ ‘स्टँडर्ड’पेक्षा जास्त आहे, परंतु ज्याला फक्त मेल वाचायचा आहे त्याच्यासाठी निम्मा दर हा निम्माच दर आहे.

मग कंपनीच बदलावी का? गुगलच्या अशाच सेवेने, म्हणजे वर्कस्पेसने, 2025 च्या सुरुवातीला जेमिनी या एआय सहायकाच्या सुविधा योजनांमध्येच घालून दर वाढवले, तेव्हापासून वार्षिक कराराने ‘बिझनेस स्टार्टर’ 7 डॉलर आणि ‘बिझनेस स्टँडर्ड’ 14 डॉलर आहे. म्हणजे 1 जुलैनंतर दोन्हीकडचे आकडे तंतोतंत सारखे होतात. शिवाय गुगलच्या ‘स्टार्टर’मध्ये मेल आणि फाइली मिळून माणशी 30 जीबी जागा मिळते, तर मायक्रोसॉफ्टच्या ‘बेसिक’मध्ये फाइलींसाठीच एक टीबी. एकाच शीटवर चौघांनी एका वेळी काम करण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना गुगल हाताला सोपे जाते हे खरे. पण केवळ पैसे वाचवण्यासाठी परदेशी ग्राहकांशी झालेला वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार हलवण्यात मला काही हशील दिसत नाही. चेन्नईच्या झोहोच्या मेल योजना या दोन्हींपेक्षा स्वस्त आहेत, आणि ज्या पेढीत एक्सेलचे अवजड काम नाही तिने त्यांचा विचार जरूर करावा. मात्र पाच जण एका कंपनीकडे आणि नऊ जण दुसरीकडे, अशी एकाच डोमेनची (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची) वाटणी संगणकाचे पाहणारा स्वतंत्र माणूस नसेल तर टाळावी. मेल कुठे अडकला हे शोधण्यात जाणारा वेळ कोणत्याही बिलात दिसत नाही.

वार्षिक की मासिक, याचे उत्तर धंद्याच्या हंगामावर ठरते. मायक्रोसॉफ्टकडे वर्षाचा करार करून पैसे एकरकमी भरणे सर्वांत स्वस्त पडते. करार वर्षाचाच पण हप्ता मासिक असेल तर 1 एप्रिल 2025 पासून पाच टक्के जास्त लागतात. आणि महिन्या-महिन्याचा करार साधारण वीस टक्क्यांनी महाग असतो. टॉवेल कारखान्याच्या कायम माणसांसाठी एकरकमी वार्षिकच बरे. आपल्याकडच्या गणवेश शिवणाऱ्या युनिटांचे तसे नाही: शाळा उघडण्याआधीच्या तीन-चार महिन्यांपुरती ऑर्डर नोंदवणारी माणसे येतात आणि जातात. एखादा आयडी वर्षातून दहा महिन्यांपेक्षा कमी लागणार असेल, तर वीस टक्के जास्त देऊनही मासिकच स्वस्त ठरते.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची तुलना मात्र वेगळ्या मापाने करावी लागते. टॅलीचा कायमस्वरूपी परवाना एकदा घेतला की दरवर्षी नूतनीकरण होते ते टीएसएसचे, म्हणजे टॅलीच्या अपडेट आणि ऑनलाइन सुविधांच्या वर्गणीचे, परवान्याचे नव्हे. टीएसएस संपले तरी टॅली उघडते आणि जुनी खाती दिसतात. नव्या आवृत्त्या आणि ई-इनव्हॉइससारख्या (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या) पोर्टलशी जोडलेल्या सुविधा मात्र थांबतात. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे, आणि दहा कोटी व त्यावरील उलाढालीला 1 एप्रिल 2025 पासून बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावे लागते. दिवसाला दोन बिले असतील तर हाताने पोर्टलवर भरता येतील, चाळीस असतील तर नाही. म्हणून अशा कारखान्याने टीएसएसवर बचत करू नये. चाटी गल्लीतल्या लहान दुकानाला, ज्याची उलाढाल या मर्यादेच्या बरीच खाली आहे, एखादे वर्ष थांबता येईल.

मासिक किंवा वार्षिक भाड्याचे क्लाउड (इंटरनेटवरून चालणारे) हिशेब-सॉफ्टवेअर घरून, दुकानातून, मोबाइलवरून चालते आणि बॅकअपची चिंता कमी करते, हे त्याचे मोठे सुख आहे. पण जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने, आणि कंपनी असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे आठ वर्षे जपावे लागतात. भाड्याचे सॉफ्टवेअर सोडताना जुनी वर्षे कोणत्या स्वरूपात हातात मिळतील, हे करार करण्यापूर्वीच विचारावे. बदल करायचाच ठरला तर तो 1 एप्रिललाच करावा. वर्षाच्या मध्यात दोन ठिकाणचे आकडे जुळवत बसणे ही शिक्षा मी एकदा भोगली आहे.

बिलात जीएसटी 18 टक्के लागतो आणि पेढीचा जीएसटी क्रमांक बिलावर असेल तर त्याचे क्रेडिट मिळते. मालकांच्या वैयक्तिक कार्डावर, क्रमांक न टाकता घेतलेल्या सबस्क्रिप्शनवर ते हातचे जाते. कार्डाची दुसरीही एक गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे स्थायी आदेशावरची (कार्डावरून ठरल्या वेळी आपोआप होणारी) 15,000 रुपयांपर्यंतची वजावट ओटीपीशिवाय होते, फक्त किमान 24 तास आधी सूचना येते. आमच्या एका पेढीत ती सूचना कार्डाला जोडलेल्या मोबाइलवर, म्हणजे कामातून निवृत्त झालेल्या काकांच्या फोनवर गेली. त्यांनी ती जाहिरात समजून पुसली, आणि जी योजना आम्ही सोडणार होतो तिचे 14 हजारांहून अधिक रुपये वाढीव दराने कापले गेले. कंपनीने परत दिले नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत वार्षिक करारातले आयडी कमी करण्याची किंवा करार रद्द करण्याची मुभा नूतनीकरणानंतर फक्त सात दिवस असते. आठव्या दिवसापासून वर्षभर तेवढ्याच आयडींचे पैसे द्यावे लागतात. त्यामुळे यादी एक महिना आधी काढावी. गेलेल्या माणसाचा आयडी बंद करण्यापूर्वी त्याची मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्समध्ये, म्हणजे इतरांना आपापल्या आयडीवरून उघडता येणाऱ्या सामाईक मेलबॉक्समध्ये, बदलून घ्यावी. 50 जीबीपर्यंत तिला स्वतंत्र परवाना लागत नाही आणि ग्राहकांचे जुने मेल तिथे शाबूत राहतात. उलट, आधी परवाना काढून टाकला आणि मेलबॉक्सकडे लक्षच गेले नाही, तर 30 दिवसांनी तिच्यातला मजकूर पुसला जातो.