अल्फा-बीटाचं प्रमाण काढायचंय: पोलारिमीटर घ्यावा की एनएमआर?

साखर पाण्यात विरघळली की तिची अल्फा आणि बीटा ही दोन रूपं एकमेकांत बदलत राहतात, त्यांचं प्रमाण आपल्याला हवंय. साखर ग्लुकोज असेल तर सरळ पोलारिमीटर (द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती अंश फिरतो ते मोजणारं यंत्र) घ्या. शुद्ध अल्फाचं स्पेसिफिक रोटेशन (ठरावीक तीव्रतेच्या द्रावणाला धरून काढलेलं प्रकाशाचं फिरणं) +112.2, बीटाचं +18.7, आणि पाण्यात विरघळवून ठेवलं की आकडा हळूहळू +52.7 वर येऊन टेकतो. मग गणित काय, 52.7 मधून 18.7 वजा केले की उरले 34, त्याला अल्फा-बीटातल्या फरकाने, म्हणजे 93.5 ने भागलं की अल्फा 36 टक्के, बाकी 64 बीटा. झालं! घाई असेल तर अमोनियाचा एखादा थेंब टाका, समतोल लवकर येतो, पण जास्त ओतलंत तर ग्लुकोजचंच फ्रुक्टोज व्हायला लागतं.

पोलारिमीटरची खरी गोम वजनात आहे. बाटलीत मोनोहायड्रेट (दर रेणूमागे पाण्याचा एक रेणू धरून बसलेलं ग्लुकोज) असतं आणि आपण ते निर्जल समजून तोलतो, मग द्रावण 9 टक्के पातळ, रोटेशन येतं 48 च्या आसपास आणि अल्फा थेट 31 टक्के, आणि आपण बसतो मशीनला दोष देत. (मी पण बसलोय.) एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल, म्हणजे पीक, मोजणारं यंत्र) ही भानगडच नाही, कारण तिथे दोन पीकच्या एरियाचं गुणोत्तर बघायचं असतं, किती ग्रॅम घातलं याच्याशी देणंघेणं नाही. अल्फाचा अ‍ॅनोमेरिक प्रोटॉन (ज्या कार्बनमुळे अल्फा-बीटा ठरतं त्याच्यावरचा हायड्रोजन) 5.2 पीपीएमला, बीटाचा 4.6 ला, दोन्ही मस्त वेगळे. फक्त बीटाच्या अगदी शेजारी पाण्याचा पीक येतो, तो दाबायला गेलात तर बीटापण थोडा दबतो आणि प्रमाण बिघडतं.

मॅनोजला पोलारिमीटर चालतो, पण जरा जपून, कारण तिथे अल्फा आणि बीटाच्या रोटेशनमध्ये अंतरच 46 अंशांचं, ग्लुकोजच्या निम्मं, म्हणजे रीडिंगमधली तेवढीच चूक उत्तरात दुप्पट दिसते.

फ्रुक्टोजसाठी मात्र पोलारिमीटरच्या वाटेला जाऊ नका. त्यात सहा अणूंच्या रिंगबरोबर पाच अणूंच्या रिंगवालेपण भरपूर असतात, आकडा मिळणार एक आणि अज्ञात तीन-चार, गणित सुटणार कसं? तिथे कार्बन एनएमआरच, प्रत्येक रूपाचा पीक वेगळा मोजता येतो. गॅलॅक्टोजमध्येही पाचच्या रिंगवाले थोडे असतातच, तरी प्रॅक्टिकलपुरतं पोलारिमीटरवर भागतं, थीसिसमध्ये टाकायचं असेल तर एनएमआरचा स्लॉट बुक करा.