दोन घनमीटरची गोबर गॅसची पिशवी: चार वर्षं वापरल्यावर

आमच्या गोठ्यात दोन जर्सी गाई आणि एक म्हैस. दिवसाला ५० किलोच्या आसपास शेण निघतं. ते पाण्यात कालवून बंद पिशवीत सोडलं की आत कुजून गॅस होतो, आणि दोन घनमीटरच्या पिशवीला रोज तेवढंच शेण लागतं. चार वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस हे गणित वहीवर मांडून गेला होता, ते खरं निघालं. एकच गाय असेल तर ही पिशवी घेऊ नका, ती अर्धपोटी राहते.

पहिल्या भरणीला ट्रॉलीभर शेण गेलं. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात निळी ज्योत लागली आणि सासूबाईंनी पहिल्यांदा त्यावर दूध तापवलं. आता सकाळचा चहा, कालवण, भात सगळं यावरच होतं. दीड महिन्याला संपणारा सिलिंडर सहा महिने पुरतो. भाकरीचं मात्र सांभाळावं लागतं. पिशवीतला दाब उतरला की ज्योत लवलवते, भाकरी टम्म फुगत नाही, पापुद्रा सुटत नाही. म्हणून भाकऱ्या आधी आणि बाकीचं नंतर, असा आमचा क्रम. डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी येतो. शेण कालवायला दुपारी उन्हात तापलेलं पाणी घेतलं की थोडा फरक पडतो. नळीत पाणी साठतं, ते आठ दिवसांनी काढलं नाही तर शेगडी फडफडते.

स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर पिशवीतून बाहेर येणारं पातळ शेण, उसाच्या सरीत सोडतो. ताज्या शेणासारखी तिच्यावर माशी बसत नाही. नुसत्या स्लरीसाठी सुद्धा मी ही पिशवी पुन्हा घेईन.

तक्रार आहे ती जोडाची. दुसऱ्या वर्षी वटपौर्णिमेच्या सुमारास गॅस कमी पडायला लागला आणि गोठ्यामागं कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. कंपनीला फोन केले. "उद्या माणूस पाठवतो" ऐकत गणपती आले. पुण्याहून पुतण्या आला होता, तो वास घेत घेत पिशवीपाशी गेला. भांडी घासायच्या साबणाचा फेस करून त्यानं नळी जिथं पिशवीला जोडलीय तिथं लावला. हरभऱ्याएवढे बुडबुडे यायला लागले, एकामागून एक. आतली रबरी रिंग चिरली होती.

"काकी, हा गॅस जळाला तर ठीक," तो म्हणाला, "असाच गेला तर जाळण्यापेक्षा कितीतरी वाईट."

मग रात्री त्यानं समजावून सांगितलं. पिशवीतल्या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन. जळाला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. न जळता हवेत गेला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा, शंभर वर्षांच्या हिशोबानं, २८ पटीच्या आसपास जास्त तापवतो. आणि उन्हात वाळणाऱ्या शेणीत मिथेन फारसा तयारच होत नाही, तो हवा कोंडून आपण तयार करतो. म्हणजे तीन महिने आम्ही मिथेन बनवून सोडून देत होतो. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. रिंग तालुक्याच्या पाइपच्या दुकानात मिळाली, बसवायला दहा मिनिटं लागली.

म्हणून पिशवीला पाचपैकी चार, कंपनीच्या सेवेला एक. घेताना दोन जादा रिंगा मागून घ्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जोडाला फेस लावून बघा. हे त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवायला पाहिजे होतं. अनुदानाचे कागद करताना फोटो काढायला तिघं आले होते.

त्यांच्या पत्रकावर "प्रदूषणमुक्त गोठा" असं छापलंय, त्याला माझा आक्षेप आहे. गाईचा मिथेन बहुतेक तोंडावाटे निघतो, रवंथ करताना, ढेकरेतून. त्या ढेकरेला शेणाची पिशवी काय करणार? जनावरांचा वाटा छोटा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये जगभरच्या पशुपालनाचा हिशोब मांडला, तो माणसामुळे हवेत जाणाऱ्या सगळ्या तापवणाऱ्या वायूंच्या १४.५ टक्के होता. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात गाई-बैल १९ कोटींवर आणि म्हशी ११ कोटींच्या घरात.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत बऱ्याच देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करायचं ठरवलं, भारतानं सही केली नाही. ते मला पटतं. दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं त्यावर माझ्या पोरीची फी जाते, आणि डेन्मार्कनं २०३० पासून लावायचं ठरवलंय तसा जनावरांवरचा कर इथं लावला तर आमच्यासारखे दोन-तीन जनावरंवाले आधी मोडतील. पण सही केली नाही म्हणून आपलं काम संपलं, हे मला पटत नाही. नुसत्या वाळल्या वैरणीवर ठेवलेली गाय दूध कमी देते आणि ढेकर देतच राहते. मुरघास (हवा कोंडून मुरवलेला हिरवा चारा) आणि खनिज मिश्रण सुरू केल्यापासून आमच्या थोरल्या जर्सीचं दूध दिवसाला दोन लिटरनं वाढलं, जनावर तेवढंच, म्हणजे लिटरमागं ढेकरेतला मिथेन कमी. असं मार्गदर्शन पिशवीबरोबर द्यायला हवं. गोठ्यात येणारा माणूस तोच असतो, त्याला पाच मिनिटं जास्त लागतील.

उंदरांचं राहिलंच. पिशवीभोवती जाळी मारून घ्या. आमची खालची कड एकदा कुरतडली होती, गॅसच्या बाजूला नव्हती म्हणून वाचलो.