उशिरा उतरावं की थांबावं? बायडन आणि ब्लूमबर्ग

अमेरिकेत प्रायमरीच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार मतदानाच्या, तोंडावर ‘आता हे शर्यतीत उतरणार’ अशी चर्चा हमखास रंगते. २०१५ मध्ये ती तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष, डेमोक्रॅटिक पक्षाचे जो बायडन यांच्याबद्दल होती. मुलगा बो मे महिन्यातच गेला होता. २१ ऑक्टोबरला व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये, शेजारी ओबामा उभे असताना, वेळ निघून गेल्याचं सांगून त्यांनी विषय मिटवला.

न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग मात्र त्याच पक्षाच्या शर्यतीत २४ नोव्हेंबर २०१९ ला उतरले. पहिली चार राज्यं सोडली, जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला. लास व्हेगासच्या डिबेटमध्ये प्रतिस्पर्धी उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांनी महिला कर्मचाऱ्यांसोबतच्या गोपनीयता करारांवरून त्यांना धारेवर धरलं. सुपर ट्यूसडेला, म्हणजे अनेक राज्यं एकाच दिवशी मतदान करतात त्या मंगळवारी, हाती आलं फक्त अमेरिकन सामोआ हे प्रशांत महासागरातलं छोटं बेट-क्षेत्र.

मला बायडन यांचं थांबणंच उजवं वाटतं. २०२० मध्ये त्यांना तारलं ते दक्षिण कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी; असं जुनं नातं पैशानं जुळत नाही. ४ मार्चला ब्लूमबर्ग यांनी माघार घेऊन बायडन यांनाच पाठिंबा दिला.